मोटार आणि तिची चंदी

आमच्या वडिलांना कोणत्याही वाहनाची किंमत विचारण्याची एक खास रीत होती. आळीत कोणी नवी सायकल आणो, स्कूटर आणो की मोटार, ते ती कौतुकाने न्याहाळीत, हात फिरवून बघत आणि मग विचारीत, "चंदी किती खाते?" मालक बिचारा विकत घेतल्याचा आकडा सांगायला उत्सुक असे. वडिलांना त्या आकड्यात रस नसे.

याला कारण होते. ते १९४६ साली, चौदा वर्षांचे असताना, आजोबांच्या मागे बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीला बसू लागले. नोकरी तीनच वर्षे टिकली, कारण १९४९च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले. पण त्या तीन वर्षांच्या गोष्टी त्यांना पुढे साठ वर्षे पुरल्या. त्यांतली एक एका सारंगियाची. महालात एकदा त्याची साथ असामान्य रंगली आणि खूश होऊन त्याला घोडा बक्षीस मिळाला. सारे कलावंत हेव्याने बघत राहिले. सहा महिन्यांत त्या गृहस्थाने चंदीवाल्याचे देणे भागवण्यासाठी आधी घोडा विकला आणि उरलेले फेडण्यासाठी बायकोच्या पाटल्या. गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. घोडा बक्षीस मिळतो, चंदी बक्षीस मिळत नाही, एवढे मात्र आमच्या घरात ती गोष्ट ऐकून सर्वांना पाठ झाले.

हे सारे आज आठवण्याचे निमित्त असे की, माझ्या पेट्रोलच्या मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडीची एकंदर प्रकृती पाहता तो खटाटोप करण्याची इच्छा होईना. मोटार मला चैनीसाठी नको आहे. दोन तंबोरे, एक पेटी आणि डग्ग्याची जोडी घेऊन अलकापुरीला, वाघोडिया रोडला शिकवण्यांना जायचे तर स्कूटर उपयोगाची नाही, आणि रिक्षावाला तंबोरा पाहिला की भाडे वाढवतो. दिवसाला सरासरी वीस किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला सहा हजार.

माझा भाचा हालोलला एका कारखान्यात अभियंता आहे. तो म्हणाला, "मामा, आता पेट्रोलची घेऊ नका. विजेची घ्या. किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो, पुढे काही बघायचंच नाही." मी वडिलांचा प्रश्न विचारला. तो हसला आणि म्हणाला, "अहो, चंदीच तर सांगतोय!"

त्याचे म्हणणे खरे होते, आणि नेमकी इथेच गंमत आहे. वडिलांच्या काळापर्यंत घेणे आणि पोसणे या दोन्हींत अडचण एकाच बाजूला होती: घेणे एकदाचे, पोसणे कायमचे. विजेच्या मोटारीने हे उलटे केले आहे. ती पोसायला स्वस्त आणि घ्यायला महाग. म्हणून "विजेची मोटार परवडते का?" या प्रश्नाला एकच एक उत्तर देणारा माणूस, मग तो विक्रेता असो वा वर्तमानपत्रात लिहिणारा, अर्धाच हिशेब सांगत असतो.

पुरता हिशेब मांडू या. संगीताचा मास्तर असलो तरी मात्रा मोजण्याची सवय आहे.

आपल्याकडे एकाच नावाने पेट्रोलवर आणि विजेवर अशा दोन्ही रूपांत मिळणारी सर्वांत स्वस्त ओळखीची गाडी म्हणजे टियागो. २०२५च्या सप्टेंबरात लहान पेट्रोल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तिची पेट्रोलची आरंभीची किंमत साडेचार लाखांच्या थोडी पुढे होती. विजेवरच्या बहिणीची आरंभीची किंमत आठ लाखांच्या घरात. आता विजेच्या गाडीला गिअर नसतो, तेव्हा तिची तुलना आपोआप गिअर बदलणाऱ्या, म्हणजे थोड्या महाग पेट्रोल गाडीशी करायला हवी. शिवाय रस्त्याच्या करात विजेला तेव्हा सवलत होती. तेव्हा फरक हिशेबापुरता तीन लाख धरू.

आता चंदी. पेट्रोल लिटरला ९५ रुपये धरू. शहरात, आपल्या मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत, लहान गाडी सोळाचा ॲव्हरेज देते असे म्हणू. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. विजेची लहान गाडी, भरताना वाया जाणारी वीज धरून, मीटरवरच्या एका युनिटात सात किलोमीटर जाते. घरची वीज अधिभार आणि वीजकरासह आठ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला जेमतेम सव्वा रुपया. किलोमीटरमागे पावणेपाच रुपये वाचले.

माझे वर्षाचे सहा हजार किलोमीटर. वर्षाला साडेअठ्ठावीस हजार रुपयांची बचत. तीन लाखांचा फरक भरून निघायला साडेदहा वर्षे. भाच्याची गोष्ट निराळी. तो रोज हालोलला जाऊन येतो, ऐंशी किलोमीटर. कामाचे दिवस २८० धरले तर वर्षाला बावीस हजारांवर किलोमीटर, आणि कागदावर बचत लाखाच्या वर. मात्र हमरस्त्यावर पेट्रोलची गाडी जरा कमी पिते आणि विजेची जरा जास्त खाते, म्हणून नव्वद हजार म्हणू. साडेतीन वर्षांच्या आत त्याचे तीन लाख वसूल. तो बढाई मारत नव्हता. त्याने स्वतःचा हिशेब मला सांगितला होता, एवढेच.

आणि आपल्यातले किती जण मोटार रोख घेतात? हाच तीन लाखांचा फरक नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातला तर महिन्याला सव्वासहा हजारांचा जादा हप्ता पडतो. माझी महिन्याची बचत दोन हजार चारशे. सव्वासहा देऊन अडीच वाचवणे याला आमच्या आजी "चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला" म्हणत. भाच्याला मात्र हप्ता भरून वर सव्वा हजाराचा पानसुपारीचा खर्च सुटतो.

म्हणजे जो फार हिंडतो त्याला विजेची मोटार स्वस्त, आणि जो थोडे हिंडतो त्याला पेट्रोलची. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण विजेच्या मोटारीची सारी जाहिरात "शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी" अशी चाललेली असते. छोट्या फेऱ्यांना ती सोयीची आहे, हे खरे. पण सोय म्हणजे काटकसर नव्हे.

आपल्या गुजरातेत तिसरे गिऱ्हाईकही आहे, ज्याचा उल्लेख या वादात कोणी फारसा करीत नाही: सीएनजी. किलोला ऐंशीच्या आसपास, आणि किलोत चोवीस किलोमीटर, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन रुपये. गाडी पेट्रोलपेक्षा लाखभराने महाग. बडोद्यात ज्याने पेट्रोल सोडले त्यातल्या बहुतेकांनी ते गॅससाठी सोडले, विजेसाठी नव्हे, आणि ते काही अडाणी नव्हते.

विजेच्या मोटारीला किमतीने मारण्याची ही पहिलीच वेळ नाही, हेही सांगितले पाहिजे. १९००च्या सुमारास अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेच्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, हँडल मारून मनगट मोडून घेणे नाही. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लॅरा या विजेची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत. नवऱ्याचा कारखाना पेट्रोलच्या मोटारी ओतीत होता आणि बाईसाहेब विजेच्या गाडीतून हिंडत होत्या! पण फोर्डने १९०८ साली आणलेली मॉडेल टी वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१२ साली विजेची एक साधी गाडी १,७५० डॉलरला पडत होती, तर पेट्रोलची ६५० डॉलरला. त्याच वर्षी चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल मारण्याचा त्रासही संपला. म्हणजे विजेच्या मोटारीचा शेवटचा मोठा गुण एका विजेच्याच यंत्राने हिरावून घेतला. टेक्सासचे तेल स्वस्त होते आणि खेड्यांत वीज नव्हती. १९३५च्या सुमारास ती गाडी जवळपास नाहीशी झाली. ती वाईट होती म्हणून गेली असे नाही. ती महाग होती.

आज ती परत आली आहे तीही किमतीच्याच पायावर. विजेच्या मोटारीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. २०१० साली लिथियम बॅटरीच्या एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर पडत; २०२४ साली जागतिक सरासरी ११५ डॉलरपर्यंत उतरली. चौदा वर्षांत जवळजवळ नवव्या हिश्शावर. कोणत्या वस्तूची किंमत आपल्या हयातीत अशी उतरलेली आठवते? मला एकच आठवते, इलेक्ट्रॉनिक तंबोरा. माझ्या लहानपणी तो पेटीएवढा खोका होता आणि वर्गात ठेवणे प्रतिष्ठेचे होते. आता विद्यार्थी फोनवर फुकट लावतात. (त्याच्या जवारीविषयी माझे मत विचारू नका. तो या लेखाचा विषय नव्हे.)

बॅटरी महाग म्हणून तिच्यावर एक नवी शक्कल निघाली आहे, आणि तीही आपल्या हालोलातूनच. तिथे तयार होणारी विंडसर ही गाडी २०२४च्या सप्टेंबरात बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजारांना जाहीर झाली. बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घ्यायची तर किंमत साडेतेरा लाख सांगितली गेली. म्हणजे घोडा विकत, पोट भाड्याने. आकडा आकर्षक आहे, पण चंदी पुन्हा मोजा: भाडे साडेतीन आणि वीज सव्वा-दीड, एकूण पाच रुपये. पेट्रोलच्या सहा-सात रुपयांशी ताडून पाहिले तर बचतीचा मोठा घास भाड्याने खाल्ला. मी याला लबाडी म्हणत नाही, रक्कम उघड लिहिलेली असते. ज्याच्याजवळ आज पैसे नाहीत आणि बॅटरी बिघडण्याची धास्ती आहे, त्याला हे सोयीचेही असेल. मात्र "पेट्रोलच्या भावात विजेची गाडी" हे वाक्य ऐकून कोणी हुरळून जाऊ नये.

बॅटरीची धास्ती अगदीच अकारण नाही. बहुतेक कंपन्या आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. भाच्यासारख्याला एवढ्यात गाडीचे पैसे केव्हाच वसूल झालेले असतील. माझे साडेदहा वर्षांनी वसूल होणार, आणि हमी आठव्या वर्षी संपणार. मधली अडीच वर्षे मी गणपतीला साकडे घालून गाडी चालवायची. जुनी झाल्यावर विकू म्हटले तर घेणारा पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारतो. वडिलांचा मिरजेचा तंबोरा सत्तर वर्षांत एकदा भोपळ्याला तडा जाऊन दुरुस्त झाला, आणि आज त्याला मागणारे जास्तच आहेत; पण ती तुलना मोटारीला लावणे अन्यायाचे होईल. पेट्रोलची मोटार तरी कुठे वयाने मधुर होते?

एका विक्रीच्या दालनात गेलो होतो. तिथल्या तरुणाने एका भरण्यात तीनशेच्या वर किलोमीटर सांगितले. मी विचारले, "प्रत्यक्षात किती?" तो गुजरातीत म्हणाला, "साहेब, ए तो तमारा पग उपर छे," म्हणजे ते तुमच्या पायावर अवलंबून. भाचा म्हणतो, दोनशे धरा. चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत एवढे अंतर असावे आणि ते गिऱ्हाइकाने भाच्याकडून कळून घ्यावे, हे मला बरे वाटले नाही. मात्र पेट्रोलवाल्यांचा ॲव्हरेजही कागदावर वेगळा आणि रावपुऱ्यात वेगळाच असतो, हे सांगायला हवे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वरचा सारा हिशेब आठ रुपयांच्या युनिटावर मांडला. हे आठ रुपये घरच्या विजेचे आहेत. घरची वीज गाडीला द्यायची तर गाडी घराला लागून उभी राहिली पाहिजे. अलकापुरीच्या बंगल्यात ती राहते. आमच्या दांडिया बाजारात?

आमचा वाडा चार भावंडांचा. गाडी रस्त्यावर उभी राहते, आणि तीही जिथे जागा मिळेल तिथे. परवा सुरसागरापाशी ठेवून चालत आलो. वाड्याच्या चौकात ठेवायची तर दिंडीतून आत जात नाही. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांची तरी हीच स्थिती असेल. केंद्र सरकारच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्याच जोडणीवर गाडी भरण्याची मुभा दिली आहे, वेगळा परवाना लागत नाही. पण मुभा मिळाली म्हणून भिंत मिळत नाही. सोळा अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग हवे. अर्थिंग धड नसेल तर गाडी वीज घेतच नाही. आमच्या वाड्यातली तारखाते पाहिली तर ती दसऱ्याच्या माळांचाही भार कसाबसा सोसते.

ज्याला भिंत नाही त्याने सार्वजनिक ठिकाणी गाडी भरायची. तिथे युनिटला वीसच्या आसपास, वर १८ टक्के कर, तेवीस-चोवीस रुपये. किलोमीटरला साडेतीनपर्यंत जाते. म्हणजे बरोबर सीएनजीएवढे! आणि मोटार मात्र गॅसच्या मोटारीहून दोन लाखांनी महाग. भिंत असलेल्याला सव्वा रुपया आणि नसलेल्याला साडेतीन. ज्याच्याजवळ बंगला आहे त्याचाच प्रवास स्वस्त.

म्हणून माझी तक्रार विजेच्या मोटारीविरुद्ध नाही, सवलती ज्या रीतीने वाटल्या गेल्या त्या रीतीविरुद्ध आहे. २०१९च्या ऑगस्टपासून विजेच्या मोटारीवर ५ टक्के कर आहे, मग ती आठ लाखांची असो की कोटीची. लहान पेट्रोल गाडी घेणारा शिक्षक १८ टक्के भरतो आणि कोटीची विजेची गाडी घेणारा ५. गुजरात सरकारने २०२१च्या धोरणात बॅटरीच्या किलोवॅट-तासामागे दहा हजार, मोटारीला दीड लाखांपर्यंत मदत दिली. स्कूटरला वीस हजारांपर्यंत. माझा कल विचाराल तर मोटारीचा दीड लाख मी रस्त्याकाठच्या खांबांवर खर्च केला असता. जुन्या शहरात दिव्याचे खांब आहेतच. लंडनसारख्या शहरांत, जिथे घरांना अंगण नाही, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लग लावून रात्रभर सावकाश गाड्या भरतात. घाईच्या जलद यंत्रांपेक्षा असली संथ वीज स्वस्तात देता येते, आणि रात्रभर उभ्या गाडीला घाई नसते. विलंबित लयीचे महत्त्व नगरपालिकेला कोणी सांगावे?

दिव्याच्या खांबाला घरगुती दराने वीज मिळाली तर दांडिया बाजारातल्या माणसाचा हिशेब अलकापुरीच्या हिशेबाशी जुळेल. माझे सहा हजार किलोमीटर तरीही कमीच पडतील, ते निराळे. मी तूर्त जुन्या गाडीची तपासणी करून नोंदणी वाढवून घेण्याचे ठरवले आहे. बॅटरी आणखी उतरेपर्यंत तिने तग धरावा एवढीच इच्छा.

भाच्याने मात्र गेल्या दिवाळीत विजेची गाडी घेतली. परवा रविवारी मांडवीपलीकडे एका घरी बैठक होती. तो तंबोरे न्यायला आला, आणि नेमकी त्या दिवशी वाड्याच्या दारातच जागा मिळाली. "मामा, जरा प्लग देता?" म्हणाला. ओट्यावरच्या खिडकीतून तार सोडली. अर्थिंग आहे असे आढळले, आश्चर्यच. रात्री बैठकीनंतर परत येऊन गाडी पुन्हा लावली, आणि सकाळपर्यंत चौदा युनिटे गेली. सकाळी आमचे थोरले चुलत बंधू दादा दात घासत ओट्यावर आले, तारेकडे पाहिले, मीटरकडे पाहिले आणि म्हणाले, "हे कोणाच्या मीटरवरून चाललंय?"

"दादा, तुमच्याच बहुधा," मी म्हणालो. ओट्याचा प्लग कोणाच्या वाटणीत गेला हे १९८४च्या वाटणीपत्रात लिहिलेले नाही.

त्यांनी आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात आकडा लिहिला: ११२. भाचा पैसे काढू लागला तर म्हणाले, "तू ठेव रे. मामाकडून घेईन मी, तंबोरे त्याचे होते."